शाळेच्या मैदानावर या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. कारण एकच, ऊन. पण शाळा सुरू झाली की थोड्याच दिवसांत तालुका स्पर्धांचं पत्रक येतं आणि मग जी घाई सुटते, तिच्यात त्या उन्हाचा सगळ्यांनाच विसर पडतो. खो-खो, कबड्डी आणि मैदानी स्पर्धांच्या निमित्ताने गावोगावची मैदानं पाहतो, तेव्हा दरवर्षी त्याच त्या चुका समोर येतात. त्यातल्या बहुतेक पैशाअभावी होत नाहीत. कोणीतरी मोठ्या माणसाने वेळेवर शिट्टी वाजवली नाही म्हणून होतात.

"नाटकं करू नको" म्हणणे

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

एका तालुका स्पर्धेत मुलींच्या खो-खोचा उपांत्य सामना होता. पाऊस उघडलेला, दमट ऊन, दुपारची वेळ. एका संघातली चपळ पोरगी मध्यंतरात तिच्या सरांना म्हणाली, "सर, पाय लय दुखून राहिले." सर म्हणाले, "एवढ्यासाठी फायनल घालवते का? नाटकं नको करू." पोरगी उतरली. पाच मिनिटांत खुंटाजवळ बसली ती उठलीच नाही. हातपाय, पाठ, सगळीकडे कळा. ग्रामीण रुग्णालयात नेल्यावर कळलं की तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तपासणी आधीच झाली होती, कार्ड घरी होतं, वर्गशिक्षिकेलाही माहीत होतं. फक्त तिला पळवणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. काही दिवस दवाखान्यात काढून ती बरी होऊन घरी गेली.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, आपल्या या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी ऐकू येणारा आजार आहे. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम 2023 मध्ये सुरू झाली, तपासण्या होताहेत, कार्डं मिळताहेत. त्या कार्डाचा मैदानावर उपयोग काय करायचा, हे मात्र आपणच ठरवायचं आहे. शरीरातलं पाणी कमी झालं, अतिश्रम झाले किंवा एकदम गारठा लागला की या मुलांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अशा वेळी दुखऱ्या जागी बर्फ लावू नका. उबदार ठेवा, पाणी पाजा आणि दवाखाना गाठा. ज्यांना आजार नाही पण जे वाहक आहेत, म्हणजे आई किंवा वडील अशा एकाकडूनच ज्यांच्यात हा दोष आला आहे, ती मुलं एरवी सगळ्यांसारखीच खेळतात. तरी कडक उन्हात, पाण्याविना, दमछाक होईपर्यंत पळवलं तर त्यांच्याही जिवावर बेतू शकतं.

माझी सवय अशी आहे: सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडे बसायचं आणि सिकलसेल, दमा, मिरगी, हृदयाचा त्रास असलेल्या मुलांची नावं खिशातल्या छोट्या वहीत उतरवायची. ती वही मी कुणाला दाखवत नाही, मैदानावर नावं पुकारत नाही. या मुलांना खेळातून काढतही नाही, कारण "तू नको येऊ" हे ऐकून मूल आतून खचतं. त्यांना पाणी जास्त, विसावा जास्त आणि शर्यत स्वतःशी, एवढाच फरक ठेवतो.

उशिरा आला म्हणून "मैदानाला दहा राऊंड मार" ही शिक्षा तर पूर्ण बंद करा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला मनाई आहे. आणि रिकाम्या पोटी आलेल्या पोराला उन्हात पळवणं ही शिक्षाच आहे, मग तुम्ही तिला स्टॅमिना म्हणा की आणखी काही.

तहान लागेल तेव्हाच पाणी देणे

खेळाच्या भरात पोट्ट्यांना तहान समजत नाही. मी दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी मारतो आणि सगळे पाणी पितात, कुणाला हवं असो वा नसो. सुट्टीनंतरचे पहिले दोन आठवडे सराव निम्मा. उन्हाची सवय व्हायला शरीराला तेवढे दिवस लागतातच. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नवीन आलेल्या सरांना हे पटत नाही. त्यांना पहिल्याच सोमवारी संघ तयार हवा असतो. मार्चनंतर सकाळी दहाच्या पुढे आणि ऑक्टोबरमध्ये साडेचारच्या आधी मी पळायचा सराव घेत नाही. त्यामुळे संघ हरला तरी चालेल.

मूल अडखळायला लागलं, भलतंच बोलू लागलं, नाव विचारल्यावर चुकलं, की ऊन लागलं असं समजा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. सावलीत घ्या, बूट-मोजे काढा, टाकीचं पाणी अंगावर ओता, ओले दुपट्टे मानेला, काखेत, जांघेत ठेवा, वारा घाला. दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. गाडीची वाट पाहत बसायचं नाही. गार करणं आधी, नेणं नंतर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

"एवढा सामना आटपू द्या"

ढग भरून आले, लांब कुठेतरी गडगडलं, आणि आयोजक म्हणतात, दोनच मिनिटं राहिली. पोरं धावत जाऊन चिंचेखाली उभी राहतात. शेतात झाडाखाली वीज पडून माणसं आणि बैल दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर पावसाळ्यात येतात, तरी शाळेच्या मैदानावर तेच झाड आसरा म्हणून चालतं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे तीसच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या मैदानावर पडू शकते. मी मोजतसुद्धा नाही. गडगडाट कानावर आला की सामना बंद आणि सगळे पक्क्या वर्गात, खिडक्या, नळ आणि वायरींपासून दूर. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कुणी बाहेर निघत नाही. मांडव, लोखंडी पाइपांचे शेड, बाजू उघडी असलेला टिनाचा आसरा, हे विजेपासून वाचवत नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवा. यावरून आयोजकांशी माझे वाद झालेत आणि पुढेही होतील.

कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास चालत नसेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करा.

बाकीच्या

फक्की (रेषा मारायची पांढरी भुकटी) संपली म्हणून कळीच्या चुन्याने रेषा मारणे. दवाने किंवा घामाने ओला झाला की तो चुना कातडी भाजतो. कबड्डीत पोरगं तोंडावर आपटलं तर डोळा जाऊ शकतो. डोळ्यात गेला तर वीस-तीस मिनिटं सतत पाण्याची धार धरा, चोळू देऊ नका आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या. फक्की नसेल तर कोरडी बारीक माती टाका, रेषा पुसट दिसली तरी चालते.

मैदान न पाहता मुलांना उतरवणे. आपली काळी माती पावसाळ्यात घसरते आणि थंडी सरता सरता तिला भेगा पडतात. त्यात पाय अडकला की घोटा गेलाच. गोखरू, बाभळीचे काटे आणि रात्री दारू पिऊन गेलेल्यांच्या बाटल्यांच्या काचा वेगळ्याच. पोरं अनवाणी खेळतात. सकाळी पूर्ण मैदान मी स्वतः चालतो, खो-खोचे खुंट हलवून आणि हाताने चाचपून बघतो.

गोळा, थाळी परत फेकणे. चालत जाऊन आणा. भाला उभा धरून आणा.

धुऱ्यावरच्या गवतात गेलेला बॉल हाताने चाचपडणे. काठीने गवत हलवा, मग उचला. साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. मुलाला चालू न देता, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवून गाडीवर दोघांच्या मध्ये बसवा आणि निघतानाच दवाखान्यात फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा.

स्पर्धेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा ठासून भरलेल्या अ‍ॅपेत नेणे. गाडी मिळत नसेल तर संघ नेऊ नका.

प्रथमोपचार पेटी ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवणे. पेटी शिट्टीसोबत मैदानावर आली पाहिजे. तिच्यात जुनी मलमं नकोत, ओआरएसची पाकिटं, गॉज, पट्ट्या, कात्री आणि हातमोजे हवेत. झाकणाच्या आतून 108, जवळचं आरोग्य केंद्र आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवा.