लायब्ररीतून कवटी घरी न्यायची असेल तर

नागपूरचं मेडिकल कॉलेज असो, मेयो कॉलेज असो की आमच्यासारखं फिजिओथेरपीचं, बोन सेट म्हणजे अभ्यासाची हाडं अन् मॉडेल घ्यायचे नियम सगळीकडे सारखे नसतात. कुठे लायब्ररी देते, कुठे अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटचं म्युझियम. म्हणून पहिले काउंटरवर जाऊन विचारा की घरी नेता येते का रीडिंग रूममध्येच बसा म्हणतात, किती दिवस ठेवता येते, डिपॉझिट किती. पूर्ण सांगाडा अन् टॉर्सो म्हणजे धडाचं मॉडेल सहसा बाहेर निघतच नाही, त्याच्या मागे लागू नका.

इंटर्नल परीक्षेची तारीख लागली की अख्ख्या बॅचला एकाच दिवशी कवटी आठवते, त्यामुळे हेड-नेक म्हणजे डोकं-मानेचा भाग शिकवायला सुरू व्हायच्या आधीच नाव लिहून ठेवा, तेव्हा कोणी विचारत पण नाही.

आता मेन गोष्ट, मोजल्याशिवाय रजिस्टरवर सही करू नका पोट्टेहो. सुट्या हाताच्या सेटमध्ये 27 हाडं असतात, त्यातली 8 मनगटाची, अन् त्यात पिसिफॉर्म म्हणजे मटाराचा दाणाच समजा. मागे रांग लागली होती म्हणून मी न मोजता सही ठोकली अन् परत करताना निघाली 26. आता ते पाकिटात आधीपासूनच नव्हतं का माझ्याकडूनच पडलं, काही सांगता येत नाही, कूलरखाली पाहिलं, गादी उचलली, तुरीच्या डाळीचा डबा पण चाळला. आजीला म्हटलं मनगटाचं हाड हरवलं तर ती माझाच हात धरून पाहू लागली. शेवटी पैसे भरले. तारेत ओवलेला हात-पाय मिळत असेल तर तोच घ्या, मणके सुटे असले तर मानेचे 7, छातीचे 12, कमरेचे 5 असे वेगळे लावून मोजा.

कवटी तिथेच उघडून बघा. वरच्या झाकणाचे हुक लागतात का, जबड्याची स्प्रिंग ढिली आहे का, दात किती पडलेत. अन् कानाच्या खाली पेन्सिलीच्या टोकासारखा स्टायलॉइड असतो तो दोन्ही बाजूंना आहे ना हे नक्की बघा, कारण सगळ्यात आधी तोच तुटते अन् बिल तुमच्या नावावर फाटते. तुटलेलं दिसलं तर रजिस्टरमध्ये लिहून घ्या, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, मेंदूचं किंवा हृदयाचं मॉडेल असेल तर नंबरांच्या कार्डाचा पण फोटो काढा, कार्ड हरवलं की 43 नंबर म्हणजे काय हे कोणी सांगत नाही.

कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलायची नाही, गालाच्या कमानीला धरून तर अजिबातच नाही, दोन्ही हात खालून. बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळा, झाकण वेगळं, जबडा वेगळा. शेअर ऑटोत चेन उघडी ठेवू नका, बाजूच्या मावशी दचकतात मग सगळ्या रस्त्यात समजावत बसा की प्लास्टिकची आहे. अन् मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत प्लास्टिकचं मॉडेल ठेवून कॅन्टीनला जाऊ नका, आपल्या नागपूरच्या उन्हात ते वाकते अन् मग खुंट्या भोकात बसत नाहीत.

पेनने खुणा करू नका, निघत नाही. चिकटणाऱ्या चिठ्ठ्या लावा अन् रात्री काढून टाका, उन्हाळ्यात गोंद तसाच राहते.

एक अजून, स्वस्त प्लास्टिकमध्ये बारीक छिद्रं बुजलेली असतात, फोरामेन स्पायनोसम हे कवटीच्या तळाचं छिद्र शोधत मी अर्धा तास घालवला, ते तिथे नव्हतंच. अशा गोष्टी डिपार्टमेंटमधल्या खऱ्या हाडावर एकदा पाहून घ्या, व्हायव्हात म्हणजे तोंडी परीक्षेत समोर तेच ठेवतात.

परत करताना काउंटरवाल्या काकांसमोर पुन्हा मोजा अन् रजिस्टरमधली एन्ट्री तुमच्या समोर कापून घ्या, नाही तर नो ड्यूजचा म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घेताना तुमच्या नावावर कवटी निघते.