एका आऊटबोर्डवर दोन बॅटऱ्या कशा चार्ज कराव्यात

आऊटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरच्या बाजूला इंजिन लावलेल्या होडीवर फिश फाइंडर (मासे दाखवणारं यंत्र), जीपीएस, वायरलेस, एलईडी दिवे हे सगळं स्टार्टरच्याच बॅटरीवर चालवलं, की रात्रभर जाळं टाकून बसल्यावर पहाटे सेल्फ नुसता टकटक करतो. एकच मोठी बॅटरी घेऊन हे सुटत नाही, कारण तीही रात्रीत उतरतेच. एक बॅटरी फक्त इंजिनासाठी राखून ठेवायची, बाकी सगळं दुसरीवर.

आधी हिशेब करा. दिवे २ अँपिअर, फिश फाइंडर १, वायरलेस अर्धा. आठ तासांत २८ अँपिअर-तास गेले. मशीनच्या (म्हणजे आऊटबोर्ड इंजिनाच्या) मॅन्युअलमधला चार्जिंगचा आकडा जास्त आरपीएमचा असतो, मंद चालीवर बराच कमी मिळतो. १५ अँपिअरच्या मशीनला हे भरून काढायला दोन तासांहून जास्त चांगल्या वेगाने पळावं लागेल. बंदरापासून तासाभरावरच मासेमारी असेल, तर घरी चार्जर लावावाच लागतो. दोरीने ओढायच्या मशीनला नुसती लाइटिंग कॉइल असेल तर ती एसी देते. एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवल्याशिवाय तिला बॅटरी जोडू नका.

दोन बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज पाहून चालणारा रिले (व्हीएसआर) बसवा. इंजिनाची बॅटरी साधारण १३.३ व्होल्टच्या वर गेली की तो दुसरी जोडतो, १२.८ च्या आसपास उतरली की तोडतो. डायोडचा आयसोलेटर (करंट एकाच दिशेने जाऊ देऊन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा) स्वस्त पडतो, पण त्यात ०.७ व्होल्टपर्यंत खाल्ले जातात आणि बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते. पहिली, दुसरी की दोन्ही बॅटऱ्या हे हाताने फिरवून निवडायचा १-२-बोथ स्विच चालतो, फक्त इंजिन चालू असताना तो ‘ऑफ’वर नेऊ नका, रेक्टिफायर जळतो.

आता जोडणी. निगेटिव्ह सुटे करूनच हात घाला. मशीनच्या जाड तारा पहिल्या बॅटरीवर जशाच्या तशा राहू द्या. तिच्या पॉझिटिव्हपासून रिलेच्या एका बोल्टला आणि दुसऱ्या बोल्टपासून दुसऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला २५ चौरस मिमीची तार घ्या. दोन्ही टोकांना बॅटरीजवळ, वीतभर अंतरात १०० अँपिअरचा फ्यूज हवा, कारण मध्ये तार घासून उघडी पडली तर करंट दोन्हीकडून येतो. दोन्ही निगेटिव्ह तितक्याच जाड तारेने एकमेकांना जोडा. सगळ्यात जास्त हेच राहून जातं: रिले ‘टक्’ करतो आणि बॅटरी मात्र भरत नाही. रिलेची बारीक काळी तारही निगेटिव्हला लावा. दिवे, फिश फाइंडर सगळे दुसरीवर, प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार आतून काळी पडते; बाहेरून रबर धड असतं, म्हणून लक्षात येत नाही. कल्हई केलेली मरीन तार घ्या. लग्ज (तारेच्या टोकाची, बोल्टला लावायची टर्मिनल) पक्कडीने चेपू नका. क्रिंपिंग टूलने दाबा, वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, बोल्ट घट्ट झाल्यावर पेट्रोलियम जेली लावा. रिले डेकखाली पाणी साचतं तिथे नको.

मल्टीमीटरने तपासा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते. इंजिन चालू करून आरपीएम वाढवा. रिले जोडल्यावर दोन्ही बॅटऱ्यांवरचा फरक ०.२ व्होल्टहून जास्त असेल, तर एखादा सांधा ढिला किंवा गंजलेला आहे. हात लावल्यावर गरम लागणारा लग बहुधा तोच. मंद चालीवर सगळे दिवे चालू असताना रिले सारखा जोडत-तोडत राहिला तर तो बिघाड नव्हे, खर्च चार्जिंगपेक्षा जास्त आहे. दिवे कमी करा.

दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर हा रिले लावू नका, डीसी-टू-डीसी चार्जर लावा. तिच्या बीएमएसने (बॅटरी जपणाऱ्या आतल्या सर्किटने) अचानक जोडणी तोडली तर मशीनच्या रेक्टिफायरला धक्का बसू शकतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा दोन्ही बॅटऱ्या काढून घरी कोरड्या जागी ठेवा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. लेड-अॅसिड बॅटरी उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही.