व्हिडिओ टेपचा डेक कॉम्प्युटरला जोडताय? नऊ पिना बघून फसू नका

सिरीयल पोर्टमधून चित्र येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. सेकंदाला जेमतेम ३८,४०० बिट, त्यात व्हिडिओ कुठला मावतोय! त्या वायरीतून फक्त प्ले, स्टॉप, रिवाइंड असले हुकूम जातात आणि डेककडून टाइमकोड, म्हणजे टेप कुठवर आलीय तो आकडा, परत येतो. चित्रासाठी कॅप्चर कार्ड (चित्र कॉम्प्युटरात घेणारं) नि त्याची वायर वेगळीच लागते.

खरा घोळ सॉकेटचा. प्रोफेशनल डेकच्या मागे रिमोटचं नऊ पिनांचं सॉकेट असतं, जुन्या कॉम्प्युटरचा कॉम पोर्टपण नऊ पिनांचा, मग आपण घरात पडलेली एखादी सिरीयल वायर उचलतो, ती बसतेपण मस्त, आणि डेक ढिम्म हलत नाही. मी ह्यात अख्खी संध्याकाळ घालवलीय. कारण एवढंच की सिग्नल पाठवायच्या पद्धती वेगळ्या, कॉम पोर्ट असतो आरएस-२३२ आणि डेकला कळतं आरएस-४२२, ज्यात प्रत्येक सिग्नलला प्लस-मायनस अशी तारांची जोडी असते. मध्ये कन्व्हर्टर हवाच. कॉम पोर्टच नसेल तर यूएसबी ते आरएस-४२२ अडॅप्टर घ्या, पण ४२२ लिहिलंय ना ते नीट वाचा, दिसायला सेम असणारे बरेचसे २३२चेच निघतात.

अडॅप्टरला स्क्रूवाले टर्मिनल असतील तर त्याचा टीएक्स (पाठवणारा) प्लस डेकच्या ३ नंबर पिनेला, टीएक्स मायनस ८ ला, आरएक्स (घेणारा) प्लस ७ ला, आरएक्स मायनस २ ला, ग्राउंड ४ नि ६ ला. प्लस-मायनसऐवजी ए-बी छापलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नका, सगळे एकसारखं छापत नाहीत, उत्तर नाही आलं तर जोडीतल्या तारा उलट करून बघा.

सोनीच्या ९-पिन प्रोटोकॉलला, म्हणजे डेकला हुकूम द्यायच्या भाषेला, सेटिंग लागतं ३८,४०० बॉड, ८ डेटा बिट, ऑड पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), १ स्टॉप बिट. पॅरिटी बहुतेक सॉफ्टवेअरात आधीपासून 'नन' असते, तिथेच गाडी अडते. आणि हो, डेकवरचं बटण लोकलवरून रिमोटवर करा, हसू नका, हे सगळेच विसरतात.

आता टर्मिनल प्रोग्राममधून (पोर्टवर थेट आकडे पाठवणारा प्रोग्राम) हेक्समध्ये २० ०१ २१, म्हणजे प्ले, पाठवा. टेप फिरायला लागेल आणि १० ०१ ११ असं उत्तर येईल. शेवटचा आकडा म्हणजे आधीच्यांची बेरीज, म्हणून स्टॉप होतो २० ०० २०. उत्तर ११ १२ ने सुरू झालं, म्हणजे डेकने हुकूम नाकारला, तरी खूश व्हा, वायरिंग बरोबर आहे, चूक बेरजेत नाहीतर पॅरिटीत शोधा. फक्त ह्या खटाटोपात कामाची टेप आत ठेवू नका.