जंगल मोजताना या चुका टाळा

देवराई असो, खासगी रान असो की सामूहिक वनहक्कात मिळालेलं जंगल, व्यवस्थापन आराखडा उभा राहतो तो मोजणीवर. पाच वर्षांनी तीच झाडं पुन्हा मोजून फरक काढता आला नाही, तर किती तोड परवडेल हे कुणालाच सांगता येणार नाही.

कोकणात सगळ्यात मोठा घोळ उतारावर होतो. टेप जमिनीलगत टाकून २० मीटर मोजतात. उतार ३० अंशांचा असेल तर आडवं अंतर भरतं जेमतेम १७.३ मीटर. चारशे चौरस मीटरचा म्हणून आखलेला प्लॉट (झाडं मोजायला नमुना म्हणून घेतलेला तुकडा) प्रत्यक्षात ३४६ चौरस मीटरच्या आसपास, आणि हेक्टरी झाडं खऱ्यापेक्षा कमी दिसतात. टेप आडवी ताणा, टोकाला ओळंबा सोडा आणि चार-पाच मीटरच्या टप्प्यांनी उतरत जा. वेळ खाणारं काम आहे, पण ते टाळू नका.

खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर घ्यायचा, उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून. छातीची उंची माणसागणिक बदलते, म्हणून तेवढ्या मापाची काठी जवळ ठेवा. पावसाळ्यानंतर ऐन-किंजळीच्या खोडावर शेवाळ आणि वेली असतात; त्यांच्यावरून टेप फिरवली की घेर फुगतो. वेल बाजूला सारा, शेवाळ हातानं पुसा, साल मात्र तासू नका. मोजल्या जागी ऑइलपेंटची रेघ ओढा आणि पुढची मोजणी त्याच महिन्यात करा, कारण ओली साल थोडी फुगलेली असते.

तोडलेल्या बुंध्याचे फुटवे वेगवेगळे मोजा, पण बुंधा एकच अशी नोंद करा. नाहीतर एका किंजळीची चार झाडं होतात. कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडलेला ऐनही तसा लिहून ठेवा. घेर चांगला असला तरी त्याला डोकं राहिलेलं नसतं.

खाडीत कांदळाला १.३७चा नियम लावू नका. सगळ्यात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर घेर घ्या.

उपग्रहाच्या हिरव्या नकाशावर विसंबू नका. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर १० टक्क्यांपेक्षा अधिक वृक्षछत्र असलं की ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे त्यात बघत नाहीत. रान तोडून काजू लावला, तरी काही वर्षांनी तिथे पुन्हा हिरवं दिसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून नकाशावरच्या जागा पायी जाऊन तपासाच.

प्लॉट पायवाटेलगतच घेऊ नका. तिथली तोड आतल्या रानासारखी नसते. आणि मोठ्या झाडांबरोबर रोपंही मोजा. जुनी झाडं दणकट, पण खाली एकही रोप नाही, अशा रानात तोड थांबवून आधी चराई आणि वणवा आवरायला हवा.