मांजराला डॉक्टरकडे न्यायचंय? तयारी दोन आठवडे आधीपासून

वार्षिक तपासणी आणि लस हे दवाखान्यातलं काम थोडक्यात आटपतं. झटापट होते ती घरी. माळ्यावरून कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायचा दाराचा पिंजरा, खाली आला की मांजर पलंगाखाली. वर्षातून एकदाच दिसणारी ती वस्तू आणि सुई यांची सांगड त्याने केव्हाच घातलेली असते.

म्हणून कॅरिअर आधी रोजच्या सामानात मुरू द्या. कडक प्लास्टिकचा, वरचा भाग पूर्ण सुटा होणारा असेल तर उत्तम. मग डॉक्टरांना मांजर ओढून काढावं लागत नाही, खालच्या भागात बसल्याबसल्याच बरीचशी तपासणी होते. दार काढून तो मांजराच्या आवडत्या कोपऱ्यात ठेवा आणि आत त्याच्याच अंगाचा वास असलेलं पांघरूण घाला. पहिले काही दिवस खाऊ दाराशी, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीला. ते आत बसून निवांत खायला लागलं की दार बसवा. आधी पाच सेकंद बंद, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटं. आत ओरडायला लागलं तर तुम्ही घाई केलीत. एक पायरी मागे या. शेवटी कॅरिअर उचलून घरातल्या घरात एक फेरी मारा. कडीला धरून झुलवत नेऊ नका, खालून दोन्ही हातांनी धरा. झोके बसले की मांजर बिथरतं.

दुसरी तयारी डॉक्टरांसाठी. लसीचं कार्ड, जंतांचं औषध कधी दिलं त्याची तारीख आणि चालू औषधांची नावं सोबत घ्या. लंगडणं किंवा खोकला असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण घाबरलेलं मांजर दवाखान्यात लंगडतच नाही. वजन घरीही करता येतं: मांजराला घेऊन काट्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. चार किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम वजन घटणं म्हणजे दहा टक्के घट, हे जरूर सांगा. शी तपासायची असेल तर त्याच दिवशीची, चमचाभर, झाकणाच्या डबीत न्या. निघायला वेळ असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

प्रवासात उलटी होणाऱ्या मांजराला निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी चालेल. रक्त तपासायचं असेल तर किती वेळ उपाशी ठेवायचं ते फोन करून विचारा. लहान पिल्लं आणि मधुमेही मांजरं मात्र स्वतःच्या मनाने उपाशी ठेवू नयेत. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी आधी घरी द्यायचं शांत करणारं औषध डॉक्टर लिहून देऊ शकतात. तेही फोनवरच विचारून ठेवा, कारण नुसत्या भीतीनेही मांजराच्या रक्तातली साखर वाढते आणि रिपोर्ट फसवा येतो. माणसांच्या गोळ्या मात्र अजिबात नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

त्या दिवशी सकाळीच खोल्यांची दारं लावून घ्या, लपायला जागा उरू देऊ नका. एवढं करूनही आत जात नसेल तर कॅरिअर दार वर करून उभा ठेवा, मांजराला टॉवेलात गुंडाळा आणि मागच्या पायांकडून आत सोडा. डोक्याकडून ढकललं तर ते चारही पाय दाराला रोवतं! गाडीत कॅरिअर पुढच्या सीटच्या मागे, खाली जमिनीवर ठेवा. वरून टॉवेल टाका. दवाखान्यात तो खुर्चीवर ठेवा आणि दाराचं तोंड कुत्र्यांपासून फिरवा.

लसीनंतर दिवसभर मलूल राहणं, कमी खाणं नेहमीचं. तोंड सुजलं, उलट्या सुरू झाल्या किंवा श्वास लागला तर लगेच परत न्या. घरात दुसरं मांजर असेल तर काही तास दोघांना वेगळं ठेवा. दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या जोडीदाराला ते ओळखत नाही आणि थेट पंजा उगारतं.