पातं कोणत्या पोलादाचं?
घडीचा चाकू कस्टम करताना पात्यावरचा छाप बऱ्याचदा घासला जातो. म्हणून आधी खिळ्याजवळचा, मुठीत दडणारा भाग टॉर्चने बघा. तिथेही काही नसेल तर तेल पुसून त्याच भागावर लिंबाच्या रसाचा थेंब दहा मिनिटं ठेवा. करडा डाग उमटला तर १०९५सारखं कार्बन स्टील. पातं लखलखीतच राहिलं तर बहुधा स्टेनलेस. डी-२ हे अवजारांचं पोलाद मात्र फसवतं: सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते पुरतं स्टेनलेस नाही. कोटिंगवर ही चाचणी बाद. लोहचुंबकाच्या नादी लागू नका, चाकूचं स्टेनलेसही त्याला चिकटतंच. नेमका ग्रेड हवा असेल तर एक्सआरएफ तपासणी (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं ओळखणारी) करून घ्या, फक्त त्यात कार्बन कळत नाही. थेंब धुऊन लगेच तेलाचं बोट फिरवा.