छोट्या होडीवर मोठ्या माशासाठी जाळी कशी निवडायची

मोठा मासा हातचा जातो तो पुष्कळदा होडीच्या अगदी काठाशी. इतका वेळ ओढून गळाची जखम रुंदावलेली असते, होडी पाहून मासा शेवटची उसळी घेतो, आणि नेमकी त्याच वेळी त्याला पाण्यातून उचलायची दांड्याची जाळी अपुरी पडते. म्हणून जाळी घ्यायला निघण्याआधी दोन मापं लिहून घ्या: तुम्ही ज्या माशाच्या मागे आहात त्याची लांबी, आणि तुम्ही बसता तिथून पाण्यापर्यंतचं अंतर. दुकानात जाळी छान दिसते म्हणून घेतली, तर ती बहुधा चुकीचीच निघते.

आधी कडं, म्हणजे झोळीचं तोंड उघडं धरणारी चौकट. कड्याच्या आतून, दांड्याच्या बाजूपासून समोरच्या कडेपर्यंत टेप लावा. हे माप माशाच्या लांबीच्या किमान दोन तृतीयांश हवं. ९० सेंटिमीटरच्या माशाला ६० सेंटिमीटर म्हणजे अगदी काठावरचं माप झालं, ७० ते ७५ असेल तर निर्धास्त. कारण साधं आहे. मासा डोक्याकडून आत शिरतो, पुढच्या कडेपर्यंत पोचतो आणि मग वाकून झोळीत उतरतो. तोपर्यंत त्याचं अर्ध्याहून जास्त अंग आत आलेलं नसेल, तर तो कड्यावर तराजूच्या दांडीसारखा तोलला जातो. शेपटीचा एक फटका बसला की बाहेर. एवढं मोठं कडं लहान होडीत अडचण करतं हे खरं, पण त्यावर उपाय घडीचं कडं किंवा दांड्यावर मागे सरकणारं कडं हा आहे. कडं लहान घेऊन जागा वाचवू नका.

झोळीची खोली साधारण कड्याच्या लांबीएवढी असावी, थोडी जास्त चालेल. उथळ झोळीतून मासा उडी मारतो. खोल झोळी असली की दांडा थोडा फिरवताच ती कड्यावर दुमडते आणि तोंड आपोआप बंद होतं. पण मासा सोडून द्यायचा असेल तर निमुळत्या झोळीपेक्षा सपाट तळाची बरी. निमुळत्या झोळीत जड मासा धनुष्यासारखा वाकून पडतो आणि त्याचं सगळं वजन मधल्या भागावर येतं.

आता जाळीचा माल. गाठी मारलेलं नायलॉन स्वस्त आणि हलकं असतं, पण गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात आणि परांच्या कडा चिरतात. शिवाय तीन काट्यांचा गळ त्यात एकदा गुंतला की कात्रीशिवाय निघत नाही. बिनगाठीचं नायलॉन माशाला सौम्य असतं, गळ मात्र त्यातही अडकतोच. रबराचा लेप दिलेली जाळी मोठ्या माशासाठी आम्हाला सर्वांत समतोल वाटते: गळ लवकर सुटतो, वजन आटोक्यात राहतं. लेपाला चीर पडली की आतले धागे उघडे पडतात आणि त्या जागी गळ पुन्हा अडकू लागतो, तेवढं लक्ष ठेवा. निव्वळ रबराच्या झोळीत गळ सगळ्यांत कमी गुंततो, पण मोठ्या मापात ती फार जड होते आणि पाण्यातून फिरवताना हाताला ओढ जाणवते.

आस, म्हणजे जाळीतलं एकेक भोक, फार बारीक असला तर पाणी लवकर आरपार जात नाही आणि जाळी पाण्यात छत्रीसारखी अडते. फार मोठा असला तर माशाचं तोंड किंवा कल्ल्याची झाकणी त्यात अडकते आणि शेपटी फाटते. काटेरी पर असलेल्या माशांसाठी मऊ, बारीक जाळी नकोच. काटा आत गेला की उलटा निघत नाही.

दांड्याकडे आणि जोडाकडे लोक सर्वांत कमी पाहतात, आणि मोडतं तेच. बसल्या जागेवरून किंवा गुडघ्यावर टेकून वापरायला ९० ते १२० सेंटिमीटरचा दांडा पुरतो. काठ उंच असेल तर १५० पर्यंत जा. कयाकवर आखूड दांडा, तरंगणारी मूठ आणि होडीला बांधायची दोरी हवी. सरकता दांडा घेतलात तर तो पूर्ण उघडून, कुलूपखटका लावून, दोन्ही टोकं धरून पिळून पाहा. तिथे खेळ जाणवला तर ठेवून द्या. कडं दांड्यात जिथे बसतं तो जोड प्लॅस्टिकचा असेल तर उन्हाने ठिसूळ होतो. बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी बारीक चीर ही मोडण्याची पहिली खूण. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमच्या नळीत स्टीलचा बोल्ट असेल तर नळी त्या भोकाभोवती पांढरी पडून खंगते. तो बोल्ट अधूनमधून काढून पाहायला हवा.

दांडा वाकतो तो मात्र बहुतेक उचलण्याच्या चुकीमुळे. १२ किलोचा मासा मागच्या हातापासून १५० सेंटिमीटर लांब आहे आणि दुसरा हात ५० सेंटिमीटर पुढे आहे, असं धरा. दांडा आडवा ठेवून उचललात तर पुढच्या हाताला ३६ किलो वर ओढावे लागतात आणि मागच्या हाताला २४ किलो खाली दाबावे लागतात. हा सगळा ताण नळीवर येतो. दांडा उभा करून जाळी काठाला लावून घेतली, कडं दोन्ही हातांनी धरलं आणि मग वर घेतलं, की उरतात फक्त १२ किलो. घरीच करून पाहा: १० लिटर पाण्याचा कॅन झोळीत ठेवा आणि दांडा उभा धरून उचला. कडं वाकून अंडाकृती झालं किंवा जोड करकरला, तर ती जाळी मोठ्या माशाची नव्हे.

पाण्यावर वापरताना इंजिन न्यूट्रलला असू द्या, नाहीतर झोळी पंख्यात जाते. झोळी आधी ओली करा. कोरडी झोळी पाण्यावर तरंगते आणि वाऱ्याने फुगून वल्ह्याच्या खुंटीत अडकते. झोळीचा तळ बोटांनी दांड्याला दाबून धरा, कडं पाण्याखाली तिरपं आणि स्थिर ठेवा. मासा दमून आडवा झाला की रॉडवाल्याने त्याला डोक्याकडून जाळीवर आणायचं. मग बोटं सोडा, कडं वर घ्या, आणि त्याच क्षणी रॉडवाल्याने दोरी थोडी सैल सोडायची. शेपटीकडून जाळी मारू नका. शेपटीला स्पर्श होताच मासा पुढेच पळतो. त्याहून वाईट म्हणजे तोंडाबाहेर लोंबणारा गळाचा काटा कड्याजवळच्या जाळीत अडकणं. मासा बाहेर, गळ जाळीत, आणि मासा स्वतःच्याच वजनाने गळ उपटून निघून जातो.

दोघंही एकाच बाजूला झुकू नका. जाळीवाला गुडघ्यावर, होडीच्या मध्याजवळ, आणि रॉडवाल्याने आपलं वजन दुसऱ्या बाजूला ठेवायचं. सोडायचा मासा वर घेऊच नका, जाळीतच पाण्यात ठेवून गळ काढा. तीक्ष्ण दातांच्या माशाचा गळ लांब चिमट्यानेच काढायचा.

परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. ऊन नायलॉनला खातं. दुसऱ्या तळ्यात किंवा नदीत नेण्याआधी जाळी पूर्ण कोरडी झालेली असावी, म्हणजे एका पाण्यातले रोग दुसरीकडे जाण्याचा धोका कमी होतो. हंगाम सुरू होताना कड्याजवळचे धागे दोन बोटांत धरून जोरात ताणा. घर्षण तिथेच सर्वांत जास्त होतं. एखादा तुटला तर गाठ मारत बसू नका, झोळी बदला. दांडा आणि कडं धड असेल तर नवी झोळी त्यावरच ओवता येते. ती मागवताना कड्याची रुंदी नव्हे, परीघ मोजून सांगा.